‘दिले’ हा शेरा भलत्याच शेतकऱ्यापुढे सरकतो: गूगल फॉर्म आणि शीटमधला दर हंगामातला घोळ

वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं हिशोबाचं काम मी बघतो. सोयाबीनच्या हंगामात काट्यावर बसलेला मुलगा मोबाईलवर गूगल फॉर्म भरतो: काटापट्टी (वजनाची छापील पावती) क्रमांक, सभासद क्रमांक, गाव, वजन, ओलावा, मातेरं (मालातला माती-काडीकचरा). ऑफिसात मला ते शीटमध्ये दिसतं, भावानुसार रक्कम निघते, मी बँकेतून पैसे सोडतो आणि त्या ओळीपुढे ‘दिले’ लिहितो. कागदावर ही व्यवस्था इतकी सरळ आहे की बिघडायला जागाच दिसत नाही. तरी सलग तीन हंगाम ती बिघडली, आणि दर वेळी दिवाळीच्या तोंडावर.

एका संध्याकाळी एक मावशी ऑफिसात आल्या. हातात काटापट्टी, घडी पडून मऊ झालेली. म्हणाल्या, “दादा, माह्या सोयाबीनचे पैसे नाई आले जी अजून. पोराची फी भराची हाये.” मी शीट उघडली तर त्यांच्या नावापुढे ‘दिले’. मी म्हटलं, मावशी, खात्यात गेलेत. त्यांनी पिशवीतून पासबुक काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यात आमची एकही नोंद नव्हती. त्यांचे पैसे गेलेच नव्हते. उलट दुसऱ्या एका सभासदाच्या पुढचं ‘दिले’ गायब झालं होतं, म्हणून त्याला दुसऱ्यांदा पैसे सोडायची यादी तयार होती. त्या मावशींना मी तोंडावर खोटं ठरवलं होतं, ते मला अजून विसरता येत नाही. म्हणून हा घोळ मुळापासून लिहितोय. दूध संकलन असो, बचत गटाची परतफेड असो की शाळेचं साहित्य वाटप, जिथे फॉर्म भरला जातो आणि त्याच शीटवर कोणीतरी हाताने शेरे लिहितो, तिथे हा होऊ शकतो.

आधी लक्षण ओळखा

पहिल्या हंगामात लक्षण वेगळं होतं. रक्कम काढायचा फॉर्म्युला मी उत्तरांच्या शीटमध्येच, शेजारच्या स्तंभात, पाचशे ओळींपर्यंत ओढून ठेवला होता. नवीन नोंद आली की रक्कम कोरी. फॉर्म्युला दिसायचा, पण एक ओळ खाली. याचं कारण असं, की गूगल फॉर्म आलेलं उत्तर आधीपासून असलेल्या रिकाम्या ओळीत टाकत नाही. तो तिथे नवी ओळ घुसवतो, आणि तुम्ही ओढून ठेवलेले फॉर्म्युले खाली ढकलले जातात. दुसऱ्या शीटवरून एकेका सेलचा संदर्भ दिला असेल तरी तेच होतं. तुम्ही पंधराव्या ओळीकडे बोट दाखवलेलं असतं, पंधराव्या जागी नवी ओळ घुसते आणि तुमचं बोट आपोआप सोळाव्यावर जातं. तुमच्याकडे ‘नवीन नोंदीला फॉर्म्युला लागत नाही’ असं होत असेल तर दोष हाच आहे. मोबाईल बदलून, ब्राउझर बदलून काही होत नाही. आम्ही दोन्ही केलं.

यावर आम्ही काढलेल्या उपायातून मोठा घोळ जन्मला. दुसऱ्या हंगामात एका ओळखीच्या मुलाने क्वेरी फंक्शन (एका शीटमधल्या नोंदी क्रमाने लावून दुसरीकडे दाखवणारा फॉर्म्युला) लावून वेगळी शीट करून दिली. उत्तरं तिथे आपोआप येतात, गावानुसार लावलेली. दिसायला फार छान. मी त्या शीटच्या शेवटच्या स्तंभात ‘दिले’ लिहायला लागलो. इथेच घात झाला.

समजा चौदाव्या ओळीत पिंपळगावचा एक सभासद आहे, पंधराव्या ओळीत दुसरा. चौदाव्याचे पैसे गेले, मी त्याच्यापुढे ‘दिले’ लिहिलं. संध्याकाळी आष्ट्याची एक नवी नोंद आली. गावाच्या क्रमाने आष्टा वर येतो, म्हणून क्वेरीने ती वर बसवली आणि खालचं सगळं एकेक ओळ खाली गेलं. चौदाव्या ओळीतला सभासद आता पंधराव्या ओळीत आहे. पण ‘दिले’ हा शब्द मी हाताने टाईप केलेला, तो कोणत्याही नावाला बांधलेला नाही. तो चौदाव्या ओळीतच राहिला, आणि तिथे आता आधी तेराव्या ओळीत असलेला माणूस आलाय. शीटमध्ये कुठेही लाल खूण नाही, एररचा संदेश नाही. दिवसभरात दहा गाड्या आल्या तर शेरे दहा वेळाही सरकू शकतात.

तुमच्या शीटमध्ये असं होतंय का, ते एका मिनिटात कळतं. ज्या यादीशेजारी शेरे लिहिता, तिच्या डावीकडच्या सगळ्यात वरच्या सेलवर क्लिक करा. तिथेही वरच्या फॉर्म्युला पट्टीत नुसता मजकूर दिसला तर तो भरलेला आहे. त्या पहिल्या सेलमध्ये क्वेरी, फिल्टर, सॉर्ट किंवा इम्पोर्टरेंज असेल आणि खालच्या सेलमध्ये काहीच फॉर्म्युला नसून आकडे दिसत असतील, तर ती यादी फॉर्म्युल्याने ओतलेली आहे. ओतलेल्या यादीशेजारी हाताने काहीही लिहायचं नाही. फिल्टरमधून एखादी ओळ गळाली तरी खालचे शेरे वर सरकल्यासारखे होतात.

हंगाम मध्यावर असेल तर

सगळं सुधारायच्या आधी चुकीचे चुकारे, म्हणजे मालाचे चुकून जाणारे पैसे, थांबवायचे. शीटची एक प्रत काढा, तिला तारीख द्या, आणि त्या प्रतीला कोणी हात लावू नका. व्हर्जन हिस्टरीत जाऊन मागची आवृत्ती बघायला हरकत नाही, पण ती परत आणू नका. त्यानंतर आलेल्या नोंदी शीटमधून जातील. (फॉर्मकडे त्या असतात, पण त्या वेळी हे आठवत नाही आणि माणूस घाबरून आणखी काहीतरी दाबतो.)

मग शेरे आठवणीने दुरुस्त करायला बसू नका. मी बसलो होतो, आणखी दोन चुका केल्या. बँकेचं स्टेटमेंट घ्या. पैसे खरोखर कोणाला गेले ते फक्त तिथेच आहे. आम्ही दोन संध्याकाळ बसून स्टेटमेंटमधली प्रत्येक रक्कम यूटीआर क्रमांकासकट (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक) एकेका काटापट्टीला लावली. ज्या रकमा लागल्या नाहीत, त्या सभासदांना फोन केला. त्या मावशींचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी सोडले.

कायमचा उपाय: तीन शीट, आणि मधल्या शीटवर कोणी लिहायचं नाही

आमची नवी रचना अशी आहे.

पहिली शीट ‘उत्तरं’. ही फॉर्मची. तिच्यात आम्ही कोणी काही लिहीत नाही, खोडत नाही, सॉर्ट करत नाही. डेटा मेनूतून ती प्रोटेक्ट केली आहे. फॉर्मच्या नोंदी तरीही येत राहतात, फक्त माणसाचा हात थांबतो. कोणाला आपल्या गावाची यादी वेगळी बघायची असेल तर फिल्टर व्ह्यू वापरायचा. तो बघणाऱ्यापुरता असतो, मूळ ओळींचा क्रम बदलत नाही.

दुसरी शीट ‘चुकारे’. पैसे सोडले की मी आता ‘दिले’ लिहीत नाही. मी एक दुसरा, चार प्रश्नांचा फॉर्म भरतो: काटापट्टी क्रमांक, रक्कम, यूटीआर किंवा चेक क्रमांक, तारीख. त्याची उत्तरं या शीटमध्ये येतात. म्हणजे पैसे दिल्याची नोंद एखाद्या ओळीशेजारी राहत नाही, ती काटापट्टीच्या क्रमांकाला बांधली जाते.

तिसरी शीट ‘हिशोब’. इथे सगळं फॉर्म्युल्याने. ए स्तंभात युनिक फंक्शनने ‘उत्तरं’मधले काटापट्टी क्रमांक, दुबार गाळून, येतात. पुढच्या स्तंभांत एक्सलुकअप त्या क्रमांकावरून सभासद, गाव, वजन उचलतो. रक्कम गुणाकाराने निघते. शेवटच्या स्तंभात समइफ ‘चुकारे’ शीटमध्ये त्याच क्रमांकावर किती पैसे गेले ते बेरीज करून आणतो. देणं वजा दिलेलं शून्य झालं की सेल हिरवा. यादी वर-खाली कशीही सरकू दे, हिरवा रंग माणसाबरोबरच सरकतो, कारण तो क्रमांकावरून काढलेला आहे.

हे फॉर्म्युले प्रत्येक ओळीत ओढायचे नाहीत. दुसऱ्या ओळीत एकदाच अ‍ॅरेफॉर्म्युला लिहायचा आणि संदर्भ ‘ए दोनपासून ए संपेपर्यंत’ असा उघडा ठेवायचा. आत इफ लावून ‘ए रिकामा असेल तर रिकामं’ असं सांगायचं, नाहीतर खाली हजारभर शून्यं दिसतात. अ‍ॅरेफॉर्म्युल्याखाली कोणी एखाद्या सेलमध्ये काही टाईप केलं तर अख्खा स्तंभ रिकामा होऊन वर एरर येते. पहिल्यांदा हे पाहून आमचे संचालक हादरले. मला मात्र ते चांगलंच वाटतं. पूर्वी शेरा गुपचूप सरकायचा, आता हात लागला की शीट लगेच ओरडते. त्या सेलमधलं काढलं की सगळं परत दिसतं.

ही सगळी रचना काटापट्टी क्रमांकावर उभी आहे, म्हणून तो क्रमांक नीट निवडायला हवा. आम्ही आधी सभासदाचं नाव वापरत होतो. एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघे चुलतभाऊ निघाले. मोबाईल नंबर वापरून पाहिला, तर अर्ध्या घरांत बाप-लेकाचा एकच नंबर. सभासद क्रमांक माणसासाठी ठीक आहे, पण एक माणूस हंगामात चार वेळा माल आणतो. काटापट्टीवर छापील क्रमांक असतो, तो एका वजनाला एकच असतो आणि शेतकऱ्याच्या हातात त्याची प्रत असते. भांडण झालं तर दोघांच्या हातात एकच आकडा. तुमच्याकडे असा छापील क्रमांक नसेल तर पावती पुस्तक छापून घ्या. तो खर्च करायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

दुबार नोंद आणि चुकलेली नोंद

काट्यावर टॉवर धड लागत नाही. मुलगा ‘सबमिट’ दाबतो, गोल फिरत राहतं, तो परत भरून पाठवतो, आणि दोन्ही येतात. गूगल फॉर्म नेटशिवाय चालत नाही, त्यामुळे हे थांबवता येणार नाही. पूर्वी आम्ही दुसरी ओळ खोडायचो. एकदा दोन्ही खोडल्या गेल्या.

आता खोडायची गरज नाही. एक्सलुकअपच्या शेवटच्या पर्यायात उणे एक दिलं की तो खालून वर शोधतो, म्हणजे एकाच काटापट्टीच्या दोन नोंदी असतील तर शेवटची धरतो. त्याचा दुसरा फायदा आणखी मोठा आहे. वजन चुकून 1140 ऐवजी 1410 भरलं, तर मुलाने त्याच काटापट्टी क्रमांकाने फॉर्म परत भरायचा. नवी नोंद चालते, जुनी ‘उत्तरं’मध्ये तशीच राहते, कधी काय बदललं ते वेळेसकट दिसतं.

यात एक धोका आहे. दुरुस्ती करताना काटापट्टी क्रमांकच चुकला तर दुसऱ्याची नोंद झाकली जाईल. त्यासाठी ‘हिशोब’मध्ये एक तपासणी स्तंभ ठेवलाय: या क्रमांकाच्या एकूण नोंदी किती, आणि त्यातल्या याच सभासदाच्या किती. हे काउंटइफ आणि काउंटइफ्स या मोजणाऱ्या फंक्शननी निघतं. दोन आकडे जुळले नाहीत तर ओळ लाल. लाल ओळीचा चुकारा सोडायचा नाही, आधी काट्यावर फोन करायचा.

बेरीज कमी येते तेव्हा

दुसरं नेहमीचं दुखणं म्हणजे काट्यावरच्या वहीची बेरीज जास्त आणि शीटची कमी. याचं कारण बहुतेक वेळा मराठी कीबोर्ड. वजन देवनागरी आकड्यांत भरलं की शीट त्याला मजकूर समजते, आणि बेरीज करताना सम फंक्शन मजकूर काही न बोलता सोडून देतं. ओळखायची खूण सोपी आहे: संख्या सेलच्या उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. वजनाच्या स्तंभाची अलाइनमेंट कोणी मुद्दाम बदललेली नसेल तर डावीकडे बसलेले आकडे शोधा, फरक तिथेच सापडेल. कोणी ‘11 क्विंटल 40’ असंही लिहितं, त्याचंही तेच होतं.

आम्ही वजन क्विंटलमध्ये विचारणं बंद केलं. इलेक्ट्रॉनिक काटा किलो दाखवतो, तेच किलो पूर्णांकात भरायचे. फॉर्ममध्ये त्या प्रश्नाला रिस्पॉन्स व्हॅलिडेशन लावलंय, रेग्युलर एक्स्प्रेशन प्रकारचं, फक्त इंग्रजी शून्य ते नऊ हेच आकडे चालतील असं. चुकीचं भरलं की तिथेच मराठीत सूचना येते: ‘फक्त इंग्रजी आकडे, किलोमध्ये’. ती सूचना आपल्याला हवी तशी लिहिता येते. ओलाव्याला मात्र दशांश लागतो. सोयाबीनला 12 टक्क्यांची मर्यादा धरून कपात होते, तिथे 12.4 आणि 12 यात शेतकऱ्याचे पैसे असतात.

गावाचं नाव टाईप करू देऊ नका. पिंपळगाव, पिंपळगांव आणि शेवटी एक स्पेस असलेलं पिंपळगाव ही शीटसाठी तीन गावं आहेत. गावनिहाय बेरीज तीन तुकड्यांत येते. ड्रॉपडाऊन द्या.

गट क्रमांकाचा घोळ वेगळाच. पीक नोंदीसाठी आम्ही गट क्रमांक विचारत होतो. एकाने 12/1 लिहिलं आणि शीटमध्ये तारीख आली. स्तंभ ‘साधा मजकूर’ करून ठेवला तर पुढचं बऱ्यापैकी सावरतं, पण आधी तारीख झालेल्या सेलमधून मूळ आकडा परत येत नाही. तो फॉर्मच्या ‘रिस्पॉन्सेस’मध्ये, एकेक उत्तर उघडून बघता येतो, तिथे लिहिलेलं जसंच्या तसं असतं. आता आम्ही गट आणि हिस्सा असे दोन प्रश्न केलेत, तिरपी रेघ लिहायची वेळच येत नाही.

आणि तारखा: फाईल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा वाचायच्या ते) ‘भारत’ आहे का बघा. ते ‘युनायटेड स्टेट्स’ असेल तर हाताने लिहिलेली 5/11 ही पाच नोव्हेंबर न राहता अकरा मे होते, आणि 15/11 तर तारीखच राहत नाही. फॉर्ममध्ये तारीख प्रकारचा प्रश्न ठेवला की हा त्रास मिटतो.

आपोआप जाणारा मेल अचानक बंद पडला तर

रोज संध्याकाळी संचालकांना दिवसाचा गोषवारा मेलने जातो. अ‍ॅप्स स्क्रिप्टने (शीटला जोडून चालणारा गूगलचा छोटा प्रोग्रॅम). मागच्या वर्षी तो बंद पडला आणि आठ दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसलो. चूक नव्हतीच. ट्रिगर, म्हणजे स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप चालवणारा कळ, ज्याच्या खात्यातून लावलेला असतो, त्याच्याच परवानगीने चालतो. तो ज्या मुलाने लावला होता, तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याने आपल्या जीमेलची परवानगी काढून घेतली. ट्रिगर बिघडल्याचा मेलही त्यालाच जात होता. आमच्या खात्यातून पाहिलं तर त्याचा ट्रिगर यादीत दिसतसुद्धा नव्हता.

आता फॉर्म, शीट, ट्रिगर सगळं कंपनीच्या एका जीमेल खात्यावर आहे, आणि त्याचा रिकव्हरी फोन ऑफिसचा आहे. साध्या जीमेल खात्यातून स्क्रिप्टने दिवसाला 100 जणांनाच मेल पाठवता येतो, एवढं लक्षात ठेवा. प्रत्येक सभासदाला पावती मेल करायचा विचार आम्ही त्यामुळेच सोडला. शिवाय आमच्यातले बहुतेक मेल बघतच नाहीत, छापील काटापट्टीच त्यांना हवी असते. स्क्रिप्टमध्ये प्रश्नाचं नाव वापरून उत्तर उचललं असेल तर हंगामाच्या मध्येच प्रश्नाचे शब्द बदलू नका. ‘वजन’चं ‘वजन (किलो)’ केलं तरी स्क्रिप्टला तो प्रश्न सापडत नाही.

नवा हंगाम सुरू करताना

जुनीच शीट पुढे चालवू नका. शीटची प्रत काढली की तिला जोडलेल्या फॉर्मचीही प्रत निघते. ट्रिगर मात्र प्रतीबरोबर येत नाही, तो कंपनीच्या खात्यातून नव्याने लावायचा. मग पाच खोट्या नोंदी भरा: एक दोनदा, एक चुकलेल्या वजनाची आणि नंतर दुरुस्त केलेली, एक चुकीच्या सभासद क्रमांकाने. लाल, हिरवं बरोबर येतंय ते बघा. त्या पाच नोंदी शीटमधून आणि फॉर्ममधूनही, दोन्हीकडून काढा. एकीकडून काढल्या तर दुसरीकडे राहतात.

जुन्या फॉर्मवर उत्तरं घेणं बंद करायला विसरू नका. काट्यावरच्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये गेल्या वर्षीची लिंकच वर पिन केलेली असते. फॉर्म बंद असेल तर तो भरायला गेल्यावर संदेश दिसतो. आम्ही त्या संदेशात नव्या फॉर्मची लिंक आणि ऑफिसचा फोन नंबर लिहून ठेवला आहे.